बायपासनंतर सासऱ्यांना भेटायला कोणी जावं, काय न्यावं? संसर्गाबद्दल माहितीतल्या लोकांनी सांगा

मृण्मयी_कोथरूड

सासऱ्यांची बायपास तीन आठवड्यांनी पुण्यातच ठरली आहे. वय ६८, मधुमेह जुना. दोन-तीन दिवस आयसीयू, मग चार-पाच दिवस वॉर्ड, असं सांगितलंय. भीती दोन्ही बाजूंनी आहे. आपल्यामुळे त्यांना काही होऊ नये, आणि तिथून काही घेऊन घरी येऊ नये.

घरात चार वर्षांचा मुलगा, प्लेस्कूलमुळे नाक कायम वाहतं. नणंदेला पाचवा महिना. सासूबाईंना दमा आहे, इनहेलर रोजचा, आणि रात्री हॉस्पिटलात मीच थांबणार म्हणून त्या अडून बसल्या आहेत. बारामतीहून मंडळी गाडी करून येणार. अंगारा, शहाळी, फळं सगळं येणार आणि कोणाचं मन मोडवत नाही.

कोणी जावं, कोणी अजिबात जाऊ नये? आयसीयूत गाऊन, मास्क, ग्लोव्हज लागतात का? घरी आल्यावर लगेच अंघोळ, कपडे डेटॉलमध्ये, हे खरंच करायचं का? औषधांना दाद न देणारे जंतू घरी येतात म्हणतात, त्यात तथ्य किती?

परिचारिका_संसर्गनियंत्रण

मृण्मयीताई, तुमच्या दोन भीतींपैकी पहिली जास्त खरी आहे. धडधाकट माणूस तासभर भेटून आला तर त्याला हॉस्पिटलातल्या जंतूने आजार होणं विरळच. पेशंटचं तसं नसतं. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं, पायातली शीर काढल्यामुळे तिथे लांबलचक टाके, मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली औषधांची नळी), छातीत ड्रेन (साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), लघवीची नळी. जंतूंना आत शिरायला इतक्या वाटा एरवी कधी नसतात, त्यात मधुमेह.

म्हणून सगळ्यात जास्त लक्ष हातांवर द्या. बहुतेक नातेवाईक इथेच कमी पडतात, कारण दारातल्या बाटलीचा एक थेंब घेऊन तळवे चोळले की झालं असं वाटतं. सॅनिटायझर ओंजळीच्या खळग्यात भरेल इतकं घ्यायचं, साधारण ३ मिली. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, दोन्ही अंगठे वेगवेगळे मुठीत धरून, आणि शेवटी बोटांची टोकं तळव्यावर घासून. हे होईपर्यंत २० ते ३० सेकंद जातात आणि हात आपोआप कोरडे होतात. पाच सेकंदांत कोरडे झाले तर सॅनिटायझर कमी घेतलं. लोकांचे अंगठे आणि नखांची टोकं हमखास राहतात, आणि पेशंटला हात लावतो ते नेमके त्यांनीच. हात मळलेले, चिकट असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच लागतं, ४० ते ६० सेकंद. अँटिबायोटिक्समुळे होणाऱ्या काही जुलाबांतल्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

मनगटावरचा लाल दोरा, गंडा, अंगठ्या, घट्ट बांगड्या यांच्याखाली ओल राहते आणि तिथे जंतू टिकतात. अंगठी-घड्याळ घरी ठेवून या. दोरा काढायचा नसेल तर निदान तो हात पेशंटला लावू नका. धुतलेले हात पदराला, ओढणीला किंवा बाथरूममधल्या सगळ्यांच्या टॉवेलला पुसले की धुतल्याचा फायदा गेला. कागदी नॅपकिन वापरा आणि त्याच नॅपकिनने नळ बंद करा.

हात कधी? पेशंटला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, आणि नुसत्या बेडच्या कठड्याला, लॉकरला, सलाइनच्या स्टँडला हात लागला तरी नंतर. मधे फोन उचलला तर पुन्हा.

आयसीयूतला गाऊन: दारात खुंटीवर एकच हिरवा गाऊन टांगलेला आणि येणारा प्रत्येक जण तोच घालतो, हे अनेक ठिकाणी दिसतं. त्याने संरक्षण काहीच मिळत नाही, उलट आधीच्या माणसाने जे लावलं ते तुमच्या अंगावर येतं. सिस्टरना विचारा, ‘गाऊन नवा मिळेल का, की न घालता गेलेलं चालेल?’ बेडवर आयसोलेशनची (संसर्गामुळे पेशंट वेगळा ठेवल्याची) पाटी असेल तर मात्र गाऊन आणि ग्लोव्हज दोन्ही नवे लागतात. काढताना आधी ग्लोव्हज, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळून, मग हात. पाटी नसेल तर भेटायला येणाऱ्याला ग्लोव्हज नकोत. ग्लोव्हज घातले की माणूस हात स्वच्छ करणं सोडून देतो आणि त्याच ग्लोव्हजने फोन, कठडा, पेशंट सगळ्याला हात लावतो. बुटांवरची प्लास्टिकची पिशवी सांगितली तर घाला, पण ती चढवताना हात बुटाला लागतात, म्हणून सॅनिटायझर त्यानंतर.

कोणी येऊ नये हे बारामतीच्या मंडळींना आत्ताच फोन करून सांगा, गाडी दारात आल्यावर सांगणं अवघड जातं. सर्दी-ताप-खोकला असलेला कोणीही नाही. फ्लूसारखं होऊन गेलं असेल तर निदान आठवडाभर नाही. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास व्हायला हवेत. डोळे आलेले नकोत. कांजिण्या आलेल्यांनी सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत यायचं नाही. आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही: हाताला गळू, नखुरडं, पू झालेली जखम. हा जंतू बहुधा स्टॅफिलोकोकस असतो, आणि छातीच्या जखमेत पू करणाऱ्यांत त्याचंच नाव वर असतं. नखुरडं झालेला माणूस तापाने फणफणत नाही, म्हणून तो बिनदिक्कत येऊन पेशंटचा हात हातात घेतो.

एका वेळी दोघं, दहा-पंधरा मिनिटं. बेडवर बसायचं नाही. खुर्ची नसेल तर उभं राहा. पिशवी जमिनीवर ठेवली असेल तर ती नंतर बेडवर ठेवायची नाही.

डॉ_सूक्ष्मजीव

वरचं सगळं बरोबर. घरी काय येतं आणि घरातल्या कोणाला धोका, तेवढं मी लिहितो.

औषधांना दाद न देणारे जंतू खरे आहेत. क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर, एमआरएसए (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस). आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये ते आढळतात आणि कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडेसुद्धा जिवंत राहू शकतात. पण ते हवेतून उडून घरी येत नाहीत, हातांवरून येतात. आणि निरोगी माणसाच्या कातडीवर किंवा आतड्यात गेले तरी बहुतेक वेळा आजार न करता राहतात किंवा निघून जातात. त्यामुळे घरी आल्यावर दाराशी चपला, लगेच साबणाने हात, मग मुलाला जवळ घेणं. अंघोळ करायची असेल तर करा, संसर्गासाठी ती सक्तीची नाही. बादलीत डेटॉल ओतायची गरज नाही, साध्या साबणाने काम होतं. कपडे न झटकता नेहमीच्या डिटर्जंटमध्ये धुऊन उन्हात वाळवा. पेशंटच्या रक्ताचा, लघवीचा डाग असेल तर ते कपडे वेगळे आणि गरम पाण्यात.

फोन मात्र नक्की पुसा. हात धुतले आणि फोन तसाच राहिला तर पाच मिनिटांत हात पुन्हा होते तसे. फोन बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसायचा, कव्हर काढून दोन्ही बाजू. थेट फवारा मारायचा नाही.

सासूबाई: दम्याचा इनहेलर एकही दिवस चुकवू नये. त्यांना खरा धोका फ्लूचा. फ्लूची लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तुमच्याकडे तीन आहेत, तेव्हा याच आठवड्यात घ्या. सासऱ्यांनाही शस्त्रक्रियेआधी द्यायची का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा, त्या दिवसांत वॉर्डात तीन पदरी मास्क लावाच. झडप असलेला एन९५ नको. त्यातून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही, म्हणजे पेशंटला त्याचा काही उपयोग नाही.

नणंदबाई: पाचव्या महिन्यात वॉर्डात थोडा वेळ जाणं चालतं. कांजिण्या होऊन गेल्यात का किंवा लसीचे दोन्ही डोस झालेत का, हे आधी पाहा. नक्की माहीत नसेल तर रक्ताच्या तपासणीत कळतं. झाल्या नसतील आणि कांजिण्यांच्या रुग्णाशी गाठ पडली तर पुरळ यायची वाट न पाहता त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना कळवायचं, कारण यासाठीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) संपर्कानंतर १० दिवसांच्या आतच देतात. फ्लूची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते. कॅज्युअल्टी आणि ओपीडीच्या गर्दीत बसून राहणं टाळा, वॉर्डापेक्षा खोकणारी माणसं तिथे जास्त.

मुलगा: नाही. नाक वाहत नसलं तरी नाही. मुलं लक्षणं दिसायच्या आधीच विषाणू पसरवत असतात. आजोबांना संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून द्या. प्लेस्कूलमध्ये कोणाला कांजिण्या आल्या आणि तुमच्या मुलाला लस नसेल, तर संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत कधीही येऊ शकतात, हे लक्षात ठेवून आजोबा घरी आल्यावरही त्याला लांब ठेवावं लागेल.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी न्हावी बोलावून छाती-पायाचे केस काढून घेऊ नका. वस्तऱ्याने आणि ब्लेडने कातडीवर दिसणार नाहीत इतके बारीक काप पडतात, त्यांत जंतू वाढतात आणि टाके पिकण्याचं प्रमाण वाढतं. केस काढायची गरज असेल तर हॉस्पिटलवाले क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढतील.

मृण्मयी_कोथरूड

दोघांचेही आभार. नखुरड्याचं लक्षातच आलं नसतं. आता अंगारा-शहाळ्याचं सांगा. आणि रात्री थांबणाऱ्याने नळ्या, लघवीची पिशवी यांच्याबाबत काय पाळायचं?

परिचारिका_संसर्गनियंत्रण

पहिले एक-दोन दिवस तोंडात काहीही घालायचं नाही, तीर्थसुद्धा. श्वासाची नळी काढल्यावर काही तास गिळण्यावर पूर्ण ताबा नसतो, चमचाभर पाणीही श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. सिस्टरनी पाणी सुरू केल्यावरच. अंगारा पुडीत ठेवा. लावायचाच असेल तर घरातल्या एकाने, हात स्वच्छ करून, कपाळावर चिमूटभर. सेंट्रल लाइन मानेत असते आणि अंगारा कोरडा, हलका, तो गळत गळत ड्रेसिंगवर येतो, म्हणून पेशंट आडवा असताना नको. पाया पडायचं असेल तर लांबूनच. ज्या पायाची शीर काढली त्याला हात लागायला नको.

शहाळ्याचं संसर्गाइतकंच पोटॅशियमचं कारण आहे. बायपासनंतर पोटॅशियम आणि दिवसभरातलं पाणी मोजूनमापून असतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फळं आणायची तर अख्खी, घरी धुतलेली, जागेवर सोलता येतील अशी. हातगाडीवर चिरलेली पपई, कलिंगड नको. फुलं नकोत, फुलदाणीतलं पाणी एका दिवसात जंतूंनी भरतं. डबा गरम आणून दोन तासांच्या आत संपवायचा. लॉकरमध्ये ठेवलेला दुपारचा भात रात्री द्यायचा नाही.

आता नळ्या. युरोबॅग (लघवीची पिशवी) कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. पेशंटला एक्स-रेसाठी नेताना मदत म्हणून नातेवाईक ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात. अशाने नळीतली शिळी लघवी उलटी मूत्राशयात जाते. स्ट्रेचरच्या कडेला खाली अडकवा. पिशवी अर्धी-पाऊण भरली की मावशींना किंवा सिस्टरना सांगा. त्या रिकामी करताना तोटीचं टोक भांड्याला टेकत नाही ना, ते भांडं दुसऱ्या पेशंटचं तर नाही ना, एवढं पाहा. आणि नळी नक्की कधी निघणार हे रोज राउंडला विचारा. जितके दिवस जास्त, तितका संसर्ग जास्त.

छातीच्या ड्रेनची बाटली खाली उभी असते. तिला पाय लागतो, ती आडवी होते. खुर्ची दुसऱ्या बाजूला ठेवा, बाटली उचलून वर ठेवू नका. सलाइन संपलं, मशीन वाजलं, तर बेल. थ्री-वे (सलाइनच्या नळीवरची तोटी) फिरवायचा नाही, झाकण उघडायचं नाही. हाताच्या सुईजवळ लाल, कडक, दुखरं वाटलं तर सकाळची वाट न पाहता सांगा. सेंट्रल लाइनच्या ड्रेसिंगची कड सुटली असेल तर तेही.

तीन चेंडूंचा स्पायरोमीटर देतील. तासाला दहा वेळा, तोंडात धरून श्वास आत ओढायचा. फुंकायचं नाही. तो एकट्या सासऱ्यांचा. भेटायला आलेली मंडळी ‘बघू, मला किती चेंडू येतात’ म्हणून ओढून पाहतात, ते होऊ द्यायचं नाही. तोंडात धरायचा भाग रोज साबणाने धुऊन वाळवा, झाकून ठेवा. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला लावा, हाडावर ताण येत नाही आणि कफ सुटतो. जेवताना पूर्ण बसवून, नंतर अर्धा तास तसंच.

सासूबाईंनी पेशंटच्या बेडवर आडवं व्हायचं नाही, पेशंटचा टॉवेल वापरायचा नाही, आणि रात्री युरिन पॉट उचलला तर ग्लोव्हज, मग साबणाने हात. सलग तीन रात्री एकीनेच काढण्यापेक्षा दोघांनी वाटून घ्या. झोप न मिळालेल्या माणसाकडून हे सगळं रात्री तीन वाजता होत नाही.

ड्रेसिंग करायला कोणी आलं आणि हात स्वच्छ केलेले दिसले नाहीत तर विचारायचा संकोच करू नका. ‘सिस्टर, सॅनिटायझर इथे ठेवलंय’ म्हणून बाटली पुढे केली तरी पुरतं.

घरी आल्यावर टाक्यांवर हळद, खोबरेल, पावडर काही नाही. ताप १००.४ च्या वर, जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, किंवा कूस बदलताना छातीच्या हाडात ‘कट’ असा आवाज, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनकडे. मधुमेहात दुखणं कमी जाणवू शकतं, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नका, रोज उजेडात जखम पाहा. पायाचीही.

रानजाई

धाग्याला जोडून विचारते. मावशीची रक्ताच्या कॅन्सरसाठी केमो सुरू आहे. तिच्याकडे जातानाही हेच नियम का?

डॉ_सूक्ष्मजीव

नाही, तिथे जास्त कडक. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या तळाला राहण्याचा काळ लांबतो. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल्सचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) एएनसी हा आकडा पाहायचा. ५०० च्या खाली असेल तर भेट फोनवर, फक्त काळजी घेणारी एक-दोन ठरलेली माणसं जवळ. बाकीच्यांनी पेशी वर आल्यावर जावं.

या काळात खोलीत फुलं आणि कुंड्या दोन्ही नकोत. कुंडीच्या मातीत अस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात आणि ते श्वासातून फुप्फुसात जातात. हॉस्पिटलात किंवा शेजारी बांधकाम, फोडाफोड चालू असेल तर त्याच कारणासाठी खिडकी बंद. खाणं ताजं शिजवलेलं, गरम. कच्च्या दुधाचं पंचामृत, कोशिंबीर, चटण्या, बाहेरचा रस थांबवायचा. घरात लहान मूल असेल तर पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना मावशीबद्दल सांगा, कारण थेंबांतला जिवंत विषाणू शौचावाटे काही आठवडे बाहेर पडतो. इंजेक्शनच्या पोलिओ लशीत तो प्रश्न नाही. मुलांची गोवर-रुबेलाची लस मात्र थांबवू नका.

आणि १००.४ ताप म्हणजे क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही. पेशी कमी असताना तेवढा ताप आला तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठायचं.

मृण्मयी_कोथरूड

शेवटचा प्रश्न. सेमी-प्रायव्हेट खोली मिळणार आहे. शेजारच्या बेडवर टीबीचा किंवा डेंग्यूचा पेशंट असला तर?

डॉ_सूक्ष्मजीव

डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट होत नाही, मधे एडिस डास लागतो, आणि तो मुख्यतः दिवसा चावतो. खोलीच्या खिडकीला जाळी आहे का आणि कूलर, कुंडी, बाथरूमची बादली यांत पाणी साचलंय का तेवढं पाहा. लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) पेशंट शेजारी असला तरी एवढी चिंता नको.

टीबीत ‘कुठला’ हे विचारा. गाठीचा, हाडाचा टीबी शेजारच्याला सहसा लागत नाही. फुप्फुसाचा हवेतून लागतो, भांड्यांतून आणि कपड्यांतून नाही. त्यातही तासभर भेटून जाणाऱ्यापेक्षा त्याच बंद खोलीत दिवस-रात्र राहणाऱ्याला धोका जास्त, आणि मधुमेह असलेल्यांना टीबी होण्याची शक्यता इतरांच्या दोन-तीन पट असते. म्हणजे इथे काळजी तुमची कमी आणि सासऱ्यांची, सासूबाईंची जास्त. फुप्फुसाच्या टीबीचा संशय असलेला पेशंट बायपासच्या पेशंटशेजारी ठेवायलाच नको. शेजारचा माणूस दोन आठवड्यांहून जास्त दिवस खोकतोय असं कळलं तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सांगून त्याच दिवशी बेड बदलून मागा. शेजारच्याचं निदान काय हे त्या सांगणार नाहीत, पण बेड बदलायला निदान सांगायची गरज नसते. बेड मिळेपर्यंत खोकणाऱ्या पेशंटला साधा सर्जिकल मास्क, तुमच्या दोघांना नीट बसणारा एन९५ (नाकावरची पट्टी दाबून, कडेने वारा सुटत नाही ना पाहून), आणि एसी बंद करून समोरासमोरची दार-खिडकी उघडी.